बशी पालथी करून बघा

गेल्या अंकात मी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका चहाच्या टेबलाबद्दल लिहिलं होतं. टेबलावर काय काय मांडलेलं असे, ते कुठून येई आणि ते घासायचं कुणी, असा तो लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी आपापल्या घरातली एखादी वस्तू समोर ठेवून प्रश्न विचारला आहे. हे मला फार आवडलं. तीस वर्षं मी फुटलेली चिनीमाती सांधायचं काम केलं, आणि वस्तू बघायची माझी रीत त्या कामातच ठरली. आधी पालथी करायची, मग सुलटी. पत्रं लांब होती, म्हणून इथे थोडक्यात देते आहे.

आजीकडून आमच्याकडे निळ्या नक्षीचं एक मोठं ताट आलं आहे. त्यावर वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं आणि वर दोन पक्षी आहेत. आजी म्हणायची, हे पेशवाईतलं ताट. ते मधोमध तडकलेलं आहे आणि मागून पितळी तारेचे सात टाके मारले आहेत. मागच्या शिक्क्यात 'इंग्लंड' एवढंच वाचता येतं. ताट किती जुनं असेल? टाके काढून नीट चिकटवून घ्यावं का?
— एक शिक्षिका, सांगली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. टाके काढू नका. का, ते पुढे येईलच.

वयाचा निकाल त्या 'इंग्लंड' शब्दानं लागतो. बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात बनला हे लिहिलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेनं केला, आणि १८९१ पासून इंग्लंडमधले कारखाने शिक्क्यात देशाचं नाव सर्रास घालू लागले. म्हणजे तुमचं ताट एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरचं, किंवा त्यानंतरचं. पण आजी पूर्ण चुकल्या नव्हत्या. ही नक्षी खरोखरच त्या काळातली आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात ती १७९० च्या सुमारास बसली, तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते. चीनमध्ये अशी नक्षी कुणी काढत नव्हतं. चिनी भांड्यांवरचं झाड एकीकडून, पूल दुसरीकडून, नाव तिसरीकडून उचलून इंग्रज कारागिरांनी हे चित्र जुळवलं. या चित्रामागची म्हणून सांगतात ती, पळून जाणाऱ्या प्रेमिकांचे शेवटी दोन पक्षी झाले, ही गोष्ट तर १८४९ मध्ये एका इंग्रजी मासिकात आली. तोवर ही ताटं विकली जायला लागून अर्धं शतक उलटलं होतं.

या ताटावर कुंचला फिरलेला नाही. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, पत्रा तापवून त्यात तेलात घोटलेला कोबाल्टचा निळा रंग भरायचा, त्यावर पातळ कागद दाबून ठसा उचलायचा. मग एकदा भाजलेल्या, पण अजून झिलई न दिलेल्या खरखरीत ताटावर तो कागद ठेवून घासून घासून बसवायचा. नंतर पाण्यात कागद सोडवायचा, की रंग ताटावर राहतो. त्यावर झिलई आणि पुन्हा भट्टी. छापणारा पुरुष असे, ताटावर कागद बसवणारी बाई, आणि कागदाच्या पट्ट्या कात्रीनं कापून तिच्या हातात देणारी एखादी लहान मुलगी. तुम्ही ताटाच्या काठावरून बोट फिरवत जा. एका जागी नक्षी जुळत नाही, अर्धी वेल तुटून पुढची सुरू होते असं दिसेल. तिथे पट्टी संपली. असं ताट हातात आलं की मी तो जोड आधी शोधते. त्या घाईच्या कामात बाईनं टोकं कशी भागवून नेली ते तिथे स्पष्ट दिसतं.

अठराव्या शतकातल्या ताटाची एक खूण सांगून ठेवते, म्हणजे पुढे कधी उपयोगी पडेल. ताट ज्या गोल कडेवर टेकतं तिच्या आतल्या कोपऱ्यात झिलई साचते. तिथे निळसर झाक दिसली तर ते १७७५–८० नंतर चाललेल्या मोतिया रंगाच्या भांड्यांपैकी असू शकतं. पिवळट-हिरवट दिसली तर सायीच्या रंगाची भांडी, ज्यांची चाल त्याच्याही आधीची. निव्वळ या एका खुणेवर वय ठरवू नका. पण शंका येण्याइतकी ती नक्कीच चांगली आहे.

आता टाके. गोंदाचा भरवसा नव्हता त्या काळात फुटकी चिनीमाती अशीच सांधत, आणि आपल्याकडेही हे काम करणारे फिरस्ते होते. तुकडे जुळवून दोरीनं घट्ट बांधायचे. तडेच्या दोन्ही बाजूंना मागून बारीक भोकं पाडायची. दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली असे. भोक आरपार जाता कामा नये. जेमतेम निम्म्या जाडीपर्यंत, आणि आतल्या अंगाला किंचित तिरकं. तारेच्या टाक्याचे दोन पाय त्या दोन भोकांमधल्या अंतरापेक्षा केसभर जवळ ठेवायचे. टाका ताणून बसवला की तो स्वतःच आवळतो आणि तड मिटवून धरतो. पुढून काहीच दिसत नाही. तुमच्या ताटाला सात टाके आहेत म्हणजे चौदा भोकं, आणि एकही आरपार गेलेलं नाही. हे काम करणाऱ्याला मी गुरू मानेन.

मी शिकत असताना माझ्याकडे अशीच एक बशी आली होती. पाच टाक्यांची. मला ते टाके कुरूप वाटले. मी ते उपटले, भोकं भरली, रंग जुळवला आणि बशी नव्यासारखी करून ठेवली. टाके कचऱ्यात गेले. मालकीणबाई न्यायला आल्या, त्यांनी बशी पालथी केली आणि म्हणाल्या, "ते माझ्या सासऱ्यांनी बसवून घेतले होते." पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. त्या पाच टाक्यांची चुटपुट मला आजही लागून आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, राहू द्या ते. ताट पाण्यात भिजत घालू नका, पितळेवर हिरवं चढलं असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं अलगद झटका, आणि भिंतीवर टांगायचे स्प्रिंगचे आकडे त्याला लावू नका. त्यांचा ताण थेट तडेवर येतो.

आमचे वडील आयुष्यभर बशीत ओतून चहा प्यायले. माझ्या मुलीच्या सासरी त्यावरून कुजबुज झाली, ते अजून मनात आहे. युरोपात कधी कुणी बशीतून चहा पीत असे का? जुन्या कपांना कान नसत हे खरं का?
— निवृत्त बँक कर्मचारी, बडोदा

दोन्ही खरं आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चहा बशीत ओतून, गार करून पिणारी माणसं होती. पुढे शिष्टाचाराच्या कल्पना बदलल्या, वरच्या थरानं ते सोडलं, आणि मग जे सोडलं त्याला गावंढळ म्हणायला सुरुवात झाली. तुमचे वडील जे करत होते त्याला चांगली जुनी परंपरा होती, आणि गरम चहा निववायची त्याहून सोपी युक्ती अजून निघालेली नाही.

कानांचं असं. चहा चीनमधून आला, त्याच्याबरोबर चिनी पेले आले, आणि चीनमध्ये चहाच्या पेल्याला कान नसतोच. युरोपातल्या कारखान्यांनी आधी तेच रूप उचललं. कॉफी आणि चॉकलेट फार गरम पीत, त्यांच्या कपांना कान आला. कान म्हणजे वेगळं घडवणं, वेगळं चिकटवणं, भट्टीत तो सुटण्याची किंवा वाकण्याची धास्ती. साहजिकच कानाचा कप महाग. यातून एक सुंदर सोय निघाली. संच विकत घेताना बिनकानाचा चहाचा पेला, कानाचा कॉफीचा कप आणि दोघांना मिळून एकच बशी असं तिघांचं कुटुंब घेत. एक माणूस एका वेळी चहा आणि कॉफी दोन्ही पिणार नाही, मग दोन बश्या कशाला? इतका घरगुती हिशेब मला त्या चकचकीत टेबलाच्या फार जवळ नेतो. आज असा संच पुरा सापडला की संग्राहक त्याला खूप जपतात.

चहाच्या किमतीबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. इंग्लंडात चहावरचा कर चढत चढत ११९ टक्क्यांवर गेला होता. पंतप्रधान धाकटे पिट यांनी १७८४ मध्ये तो १२.५ टक्क्यांवर आणला. त्याआधी निम्मा देश चोरट्या चहावर जगत होता म्हटलं तरी चालेल. चहाची पत्ती कुलपाच्या पेटीत असे आणि किल्ली घरधनिणीच्या कमरेला. त्या पेटीला कॅडी म्हणतात, तो शब्द मलय भाषेतल्या 'काती' या वजनावरून आला.

माझी आई 'चिटाचं परकर-पोलकं' म्हणायची. मुलीनं सांगितलं की परदेशात सोफ्याच्या फुलाफुलांच्या कापडाला चिंट्झ म्हणतात. हा एकच शब्द आहे का?
— एक गृहिणी, अकोला

एकच. आपली चीट, हिंदीतली छींट. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कानावर 'चिंट' पडलं, त्याचं अनेकवचन त्यांनी 'चिंट्स' केलं आणि पुढे तेच एकवचन समजून रूढ झालं. तुमच्या आईच्या तोंडचा शब्द मुळाच्या जास्त जवळचा आहे.

या कापडानं सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातली घरं अक्षरशः बदलून टाकली. त्याआधी तिथे भिंतींवर, पलंगाभोवती, अंगावर जड लोकर किंवा महाग रेशीम. दोन्ही धुवायची पंचाईत. आणि इथून जे गेलं ते हलकं, सुती, भडक रंगाचं, आणि धुतल्यावर रंग जास्तच खुलणारं. लोक वेडे झाले. विणकर धास्तावले. फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदी घातली, ती थेट १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनं १७०१ मध्ये हिंदुस्थानी रंगीत कापड आत आणायला बंदी केली आणि १७२१ मध्ये ते वापरायलाही. मधल्या काळात, १७१९ मध्ये, लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरची चिटं फाडली, त्यांच्यावर शाई आणि तेजाब फेकलं. त्या विणकरांची उपासमार खरी होती. पण ज्या बाईच्या अंगावर ते उडालं तिनं फक्त एक झगा शिवला होता. हॉलंडनं मात्र अशी बंदी घातली नाही, म्हणून तिथल्या जुन्या पेट्यांत चिटाचे कपडे आजही चांगले टिकलेले मिळतात.

बंदीतूनही माल जातच होता. लंडनचे नामांकित नट डेव्हिड गॅरिक यांच्यासाठी कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी पलंगाचे पडदे भेट पाठवले होते. मच्छलीपट्टणमकडचं काम, पांढऱ्या भुईवर वर चढत जाणारं फुलझाड. १७७५ मध्ये ते जकातवाल्यांनी जप्त केले. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडात विणलेल्या सुती कापडावर छपाईला मोकळीक मिळाली होती, पण आपल्याकडच्या चिटावरची बंदी कायम होती. गॅरिक पतिपत्नींना ते पडदे नंतर परत मिळाले असावेत, कारण तो पलंग त्या पडद्यांच्या भागांसह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपला हे रंग का जमत नव्हते? त्यांचा रंग कापडाच्या वर बसे आणि धुतला की जाई. आपल्याकडे रंग कापडाच्या आत बसवायची विद्या होती. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. हिरड्यातला तुरटपणा रंग धरून ठेवतो, दुधातल्या स्निग्धपणामुळे रेघ फुटत नाही. मग बांबूच्या लेखणीनं काळ्या रेघेसाठी लोखंडाचं पाणी आणि लाल जागी तुरटीचं पाणी. तुरटीनं काढलेलं डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. कारागीर आंधळ्यासारखा काढत जातो. कापड चे नावाच्या मुळाच्या काढ्यात उकळलं की तुरटीच्या जागा लाल होऊन उठतात. निळ्यासाठी बाकी सगळ्या कापडावर मेण आणि निळीच्या कुंडात बुडी. हिरवा हवा तर निळ्यावर पिवळा फिरवायचा. हा पिवळा तेवढा कच्चा. म्हणून जुन्या चिटावरची पानं आज निळी दिसतात. कुठल्याही संग्रहालयात निळ्या पानांचं झाड दिसलं तर ते तसं काढलेलं नव्हतं, त्याचा पिवळा उडालाय.

ही विद्या काढून न्यायला फ्रेंचांनी चिकाटी दाखवली. आंत्वान द ब्योलियू या फ्रेंच माणसानं १७३४ च्या सुमारास पाँडिचेरीत रंगाऱ्यांसमोर बसून प्रत्येक टप्प्यावर कापडाचा एकेक तुकडा कापून घेतला आणि टिपणाला जोडला. १७४२ मध्ये केर्दू या जेझुइट पाद्र्यानं, स्वतः बाप्तिस्मा दिलेल्या रंगाऱ्यांकडून काढलेली माहिती पत्रानं मायदेशी कळवली. बंदी उठताच १७६० मध्ये व्हर्सायजवळच्या झुई गावात ओबरकाम्फ यांनी कापड छापायचा कारखाना टाकला. ज्या रंगाऱ्यांनी समोर बसवून सगळं दाखवलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कुठे भेटलेलं नाही.

मी सिरॅमिक्सची विद्यार्थिनी आहे. युरोपला पोर्सेलिन करायला एवढा उशीर का झाला?
— पुणे

माती आणि आच. आपण सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो त्यामुळे घोटाळा होतो. लोणच्याची बरणी ही दगडी जातीची, तिच्यातून उजेड जात नाही. पोर्सेलिनच्या पातळ पेल्यामागे बोट धरलं की बोटाची सावली दिसते. त्याला केओलिन ही पांढरी माती, तिच्या जोडीला वितळणारा दगड आणि १३०० अंशांच्या वरची आच लागते. युरोपला वाटत होतं की चिनी लोक यात काचेसारखं काहीतरी घालतात, म्हणून ते काचेची पूड मिसळत राहिले.

उलगडा झाला तो जर्मनीतल्या सॅक्सनीत. योहान फ्रीडरिश ब्योटगर हा औषधविक्याकडे उमेदवारी करणारा मुलगा सोनं करून दाखवतो अशी आवई उठली. १७०१ मध्ये तो बर्लिनहून पळाला, आणि सॅक्सनीच्या ऑगस्टस राजानं त्याला सोनं करण्यासाठी ताब्यात ठेवलं. सोनं होणार नव्हतंच. चिर्नहाउस हे खरे अभ्यासू शास्त्रज्ञ आधीपासून भिंगांनी उन्हाची आच एकवटून माती वितळवायचे प्रयोग करत होते, त्यांनी ब्योटगरला या कामात ओढलं. १७०८ मध्ये जमलं. त्याच वर्षी चिर्नहाउस वारले. १७१० मध्ये सॅक्सनीतल्याच मायसेन गावच्या गढीत कारखाना सुरू झाला. गढी यासाठी, की गुपित आणि माणसं दोन्ही कोंडून ठेवता यावीत. ब्योटगर १७१९ मध्ये गेला, वय सदतीस. त्याआधीच मायसेनहून माणसं फुटून व्हिएन्नाला गेली होती.

राजाच्या हव्यासाचा अंदाज एका व्यवहारावरून येईल. १७१७ मध्ये त्यानं प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. सहाशे माणसं. मी तुमच्या वयाची असताना हे कौतुकानं सांगत असे. आता सांगताना त्या घोडेस्वारांच्या घरी काय झालं असेल हे मनात येतं.

युरोपीय पोर्सेलिन जवळून बघायचं तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या युरोपीय वस्तूंपाशी जा. वही-पेन्सिल न्या. कपाचा कान कपाला जिथे चिकटतो, तो जोड काढायचा प्रयत्न करा.

एका लिलावाच्या यादीत संगमरवरी माथ्याचा, सोन्याच्या मुलाम्याच्या कड्यांचा 'कमोड' प्रचंड किमतीला दाखवला आहे. हे काय प्रकरण आहे? मुलं हसताहेत.
— फोंडा, गोवा

ते ड्रॉवरचं बुटकं कपाट आहे. फ्रेंच भाषेत कमोड म्हणजे सोयीचं. सतराव्या शतकाच्या शेवटी मोठ्या पेटाऱ्याऐवजी खण ओढायचं कपाट निघालं. पेटाऱ्यात तळाचा कपडा काढायला सगळं उपसावं लागे, इथे नाही, म्हणून सोयीचं. पंधराव्या लुईच्या व्हर्सायमधल्या शयनगृहासाठी १७३९ मध्ये केलेला कमोड आज लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. त्यावरचं पितळकाम वेलीसारखं सगळ्या दर्शनी बाजूवर पसरलंय, इतकं की खण कुठे संपतो ते शोधावं लागतं. पुढे इंग्लंडात रात्रीचं भांडं लपवायच्या कपाटालाही हाच शब्द लागला आणि तिथून तो आपल्याकडे आला.

मुलांना आणखी एक सांगा. टॉयलेट म्हणजे मुळात शृंगाराच्या टेबलावर अंथरायचा छोटा कपडा. कपड्यावरून टेबल, टेबलावरून नटणं, नटण्यावरून खोली, असा तो शब्द घसरत आला. आणि भांड्याखाली पाणी अडवून दुर्गंधी थोपवणारा जो वाकडा नळ आपल्या घरोघरी आहे, त्याचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. ते व्यवसायानं घड्याळजी होते.

मालिकांमधल्या युरोपीय वाड्यांत शेकडो मेणबत्त्यांची झुंबरं रोज पेटलेली दाखवतात. ते खरं आहे?
— नागपूर

रोज नाही. मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती श्रीमंतांनाही मोठ्या समारंभापुरतीच. एरवी चरबीची, मेंढ्याच्या आणि गाईच्या. तिला वास, तिला धूर, आणि तिची वात थोड्या थोड्या वेळानं कात्रीनं कापावी लागे, नाहीतर ती ओघळत सुटे. इंग्लंडात १७०९ पासून मेणबत्तीवर करही होता. आरसे, कापीव काच, मुलामा, रुपेरी भांडी यांची इतकी हौस का, हे अशा अंधारात बसल्यावर कळतं. एका ज्योतीचा उजेड दुप्पट-तिप्पट करायचं ते साधन होतं. समईच्या उजेडात देव्हाऱ्यातली पितळी उपकरणी कशी दिसतात ते आठवा. विजेच्या लख्ख दिव्यात बघितलं की तेच सगळं भपकेबाज वाटतं, आणि तो दोष वस्तूंचा नाही.

गरिबाघरी तर लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून पेटवत, त्यावर कर नव्हता. सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी घड्याळ लावून बघितलं होतं. सव्वादोन फुटांहून थोडा लांब लव्हाळा ५७ मिनिटं जळला.

चोरबाजारात अडकित्त्यासारखं लोखंडी हत्यार मिळालं. पण त्याचे दोन्ही जबडे आत वळलेले आहेत आणि कडेला कडा भिडतात. सुपारी कातरायला घेतली तर नीट कातरली जात नाही. दांड्यापाशी एक छोटी खुंटी आहे. काय असेल?
— डोंबिवली

फोटोवरून सांगते, साखर तोडायचा चिमटा. अडकित्त्यात एक पातं धारदार आणि खालचा भाग टेकूचा. याच्यात दोन्ही बाजू सारख्या, कारण याला कातरायचं नसतं, ढलपा फोडायचा असतो. अठराव्या शतकात साखर शंकूच्या आकाराच्या टणक ढेपेत येई, आपल्या पाडव्याच्या साखरेच्या गाठीहून कितीतरी कठीण, आणि ती निळ्या कागदात गुंडाळलेली असे. निळ्या कागदात पांढरी साखर अधिक पांढरी दिसते. तो कागद काटकसरी बायका टाकत नसत, त्यातला रंग काढून कापडाला वापरत. ढेप हातोडीनं फोडायची, मग या चिमट्यानं चहाजोगे खडे करायचे. ती खुंटी दांडे एकमेकांवर आदळून बोटं चेमटू नयेत म्हणून असते. तुमचा चिमटा नेमका अठराव्या शतकातला की नंतरचा, हे फोटोवरून मी सांगणार नाही. असे चिमटे एकोणिसाव्या शतकातही पुष्कळ झाले.

या एका हत्याराबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण गेल्या लेखात मी चहाच्या टेबलावरची साखर 'वेस्ट इंडीजहून आलेली' एवढंच म्हणून पुढे गेले होते. ते अपुरं होतं. ती साखर जमैका, बार्बाडोस अशा बेटांवरच्या मळ्यांतून येई, आणि तिथे ऊस तोडणारी, चरकात घालणारी, रात्ररात्र काहिलीपाशी उभी राहणारी माणसं आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. आपल्याकडे गुऱ्हाळ बघितलेल्या कुणालाही चरकात हात गेला तर काय होतं हे सांगायला नको. तिथे हात अडकला तर तो तोडायला कुऱ्हाड जवळ ठेवलेली असे.

हे त्या काळी लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. जोसाया वेजवुड हे स्टॅफर्डशरचे सगळ्यांत नाव झालेले कुंभार. चहाच्या भांड्यांवर त्यांचं वैभव उभं राहिलं, साखरदाण्या तेही विकत. त्यांनीच १७८७ मध्ये एक छोटं पदक काढलं. पांढऱ्या भुईवर काळ्या मातीची आकृती, बेड्यांत गुडघा टेकलेला माणूस, आणि कडेनं शब्द : मी माणूस नाही का, भाऊ नाही का? त्यांच्याकडचे कारागीर विल्यम हॅकवुड यांनी ती आकृती घडवली. वेजवुडनी ही पदकं वाटली, १७८८ मध्ये काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांना पाठवली. बायकांनी ती हातातल्या कड्यांत आणि केसांच्या आकड्यांत बसवली. त्या आकृतीतला माणूस गुडघ्यावरच का ठेवला, उभा का नाही, हा आक्षेप आज घेतात आणि तो मला पटतो. तरीही त्या बोटभर तुकड्यानं काम केलं हेही खरं.

१७९१ मध्ये पार्लमेंटनं गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव फेटाळला. त्यानंतर इंग्लंडातल्या हजारो घरांनी साखर सोडली. हे ठरवलं बहुतांशी बायकांनी, कारण किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. व्यापार कायद्यानं बंद झाला १८०७ मध्ये. मधली काही वर्षं कित्येक घरांत तुमच्याकडे आहे तसा चिमटा खुंटीला नुसता लटकत राहिला असेल.

त्यावरचा गंज पॉलिश पेपरनं घासू नका. सुपारीवर तर पुन्हा चालवूच नका. खिळीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, मऊ फडक्यानं पुसा, आणि जबड्याच्या आतल्या कडा भिंगातून बघा. दोन्हींपैकी एक कड जास्त झिजलेली असेल तर कुठली ते मला कळवा. त्यावरून वापरणारा माणूस डावखुरा होता की उजवा, याचा अंदाज बांधता येतो का ते बघू.